चार सूतचा पाना

मोटार दुरुस्त करणाऱ्या माणसाला आपल्याकडे मिस्त्री म्हणतात. एकदा मिस्त्री म्हटले की त्याचे नाव काय, तो कोणाच्या हाताखाली शिकला, हे पुढचे कोणी विचारत नाही. गवयाला लोक घराणे विचारतात, पहिलवानाला तालीम विचारतात, मौलवीसाहेबांना मदरसा विचारतात. मिस्त्रीला विचारतात ते एवढेच, 'गाडी कधी मिळेल?' मी मिस्त्रीचा मुलगा आहे. पेशाने शिक्षक आहे. अब्बांच्या पाना-पेचकसावर माझे शिक्षण झाले, म्हणून हा प्रश्न मला इतरांपेक्षा जरा जास्त टोचतो.

नंदुरबार म्हटले की बाहेरच्या माणसाला मिरची आठवते. हिवाळ्यात गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडतात, जमीन लालभडक होते आणि वारा सुटला की रस्त्याने जाणारा शिंकत जातो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे इथले सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी. एका बाजूला तापी, दुसऱ्या बाजूला सातपुडा, आणि पश्चिमेला गुजरात. अशा मुलुखात मोटार म्हणजे जीप, ट्रॅक्टर आणि वडाप. अब्बांच्या गॅरेजात हेच यायचे. तुटलेले पाटे, फाटलेले सायलेन्सर, धडगावच्या घाटात जळालेले क्लच. त्यांच्यामध्ये, मागच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली एक गाडी अनेक वर्षे उभी होती. स्टँडर्ड हेराल्ड. दोन दारांची, १९६६ सालची.

आजच्या मुलांना हे नाव माहीत नसेल. मारुती येण्याआधी, म्हणजे १९८३ च्या आधी, आपल्या रस्त्यांवर मुख्यतः तीनच जातीच्या मोटारी होत्या. अॅम्बॅसडर, फियाट आणि तिसरी ही मद्रासची स्टँडर्ड. पहिल्या दोघींचे खूप कौतुक झाले, टॅक्सी म्हणून त्या सिनेमातही गेल्या. तिसरी मागे राहिली. तिचा खरा वंश मात्र मोठा आहे. इंग्लंडमध्ये १९५९ साली ट्रायम्फ हेराल्ड नावाची जी मोटार निघाली, तीच १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड म्हणून तयार होऊ लागली. आणि त्याच हेराल्डची चासी आखूड करून इंग्लंडात १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही उघडी, दोन माणसांची, वेगाने पळणारी स्पोर्ट्स कार केली गेली. दोन्हींची अंगकाठी मिकेलोत्ती या एकाच इटालियन माणसाने रेखली. स्पिटफायर तीन लाखांहून अधिक निघाल्या आणि आजही जगभर शौकीन लोक त्या जपतात. म्हणजे आमच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली जी होती ती त्या नामांकित मोटारीची सख्खी थोरली बहीण. अंगावर दागिने नसलेली, एवढेच.

हेराल्डची बांधणी वेगळी का, यालाही कारण आहे. त्या काळात इंग्लंडातल्या इतर कंपन्या मोटारीचे सगळे अंग एकसंध पत्र्याचे करू लागल्या होत्या. पण स्टँडर्ड कंपनीला ज्या कारखान्याकडून असा पत्रा मिळायचा, तो कारखाना १९५३ मध्ये बी. एम. सी. या प्रतिस्पर्धी कंपनीने विकत घेतला. मग स्टँडर्डवाल्यांनी जुनी वाट धरली. खाली वेगळी चासी ठेवायची, आणि वरचे अंग लहान लहान तुकड्यांत, निरनिराळ्या कारखान्यांतून करून घेऊन बोल्टने जोडायचे. बॉनेट वेगळे, मधला भाग वेगळा, मागचा वेगळा, छप्परसुद्धा बोल्टवर बसलेले. हे लाचारीतून निघालेले काम होते. पण जी गाडी तुकड्यांत जोडली जाते ती तुकड्यांत उघडताही येते, आणि खोके भरून दूर देशी पाठवून तिथे जोडताही येते. मद्रासला ती आली त्यात या बांधणीची मोठी सोय होती. आणि नंदुरबारच्या शेडमध्ये, क्रेन नसताना, चार माणसांच्या हातांनी ती सुटी होऊ शकली, तेही त्याच कारणाने. विलायतेतल्या एका कंपनीची अडचण आमच्या कामी आली.

अब्बा ही गाडी ओळखत होते कारण ते सुरतेला शिकले. साठच्या दशकात नंदुरबारचा पोरगा काम शिकायला निघाला की भुसावळ-सुरत लाइनची गाडी पकडून सुरतेला उतरायचा. तिथे एका उस्तादांकडे अब्बा सहा वर्षे राहिले. पहिले वर्ष फक्त रॉकेलमध्ये नट-बोल्ट धुण्यात गेले. दुसऱ्या वर्षी पाने ओळखायला शिकवले. डोळे मिटून. उस्ताद हातावर नट ठेवायचे आणि विचारायचे, 'कितने सूत?'

सूत हे माप आता गॅरेजांतून उठत चालले आहे, म्हणून सांगतो. एक इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. अर्धा इंच म्हणजे चार सूत. ब्रिटिश घाटणीच्या जुन्या गाड्यांचे नट इंचात असतात. देशात मेट्रिक मापे आली तसे नवे पाने मिलिमीटरचे आले. चार सूत म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर तेराचा पाना बसतो, पण सैल बसतो. नवीन पोरगा जोर लावतो, पाना घसरतो, नटाचे कोपरे गोल होतात. मग छिन्नी, हातोडी, आणि शेवटी गॅस कटर. साडेचार सूतच्या नटावर चौदाचा पाना चढतच नाही आणि पंधराचा फिरतो. आमच्या भागात कितीतरी जुन्या गाड्या गंजाने नाही, तेराच्या पान्याने मेल्या. अब्बांनी सुरतेहून आणलेला सूताच्या पान्यांचा संच तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवला होता. त्यातला चार सूतचा पाना इतका वापरलेला की त्यावरचे आकडे बोटांनी पुसले गेले आहेत.

गाडी मूळ एका डॉक्टरांची. त्यांच्यानंतर तिला घरात कोणी विचारेना. १९९४ साली भंगारवाल्याने जो भाव केला होता, तोच देऊन अब्बांनी ती घेतली. अम्मी रागावली. घरात त्या वर्षी छत गळत होते. अब्बांनी ताडपत्री दोन तुकड्यांत कापली, एक छतावर टाकली आणि एक गाडीवर. पुढची पंधरा वर्षे गाडी तशीच उभी राहिली, कारण रोजच्या रोजीतून वेळ निघत नव्हता. मिस्त्रीच्या स्वतःच्या गाडीचा नंबर नेहमी शेवटचा असतो.

२००९ साली अब्बांनी जीप-ट्रॅक्टरचे काम कमी केले आणि ताडपत्री काढली. कामाला तिघे होते. अब्बा, मी, आणि अक्राणीकडचा एक पावरा पोरगा, जो चौदाव्या वर्षी चहा आणायला म्हणून आला आणि पुढे हाताशी लागला. मी सुट्टीच्या दिवशी जायचो. माझ्याकडे काम होते वाचण्याचे. मुंबईच्या रद्दीतून मला हेराल्डचे इंग्रजी वर्कशॉप मॅन्युअल मिळाले होते. मी इंग्रजी वाक्य वाचायचो, मराठीत सांगायचो, अब्बा ते आपल्या बोलीत त्या पोराला सांगायचे आणि पोरगा स्वतःशी पावरीत पुटपुटायचा. एका बोल्टची गोष्ट चार भाषांतून जायची आणि तरी तो बोल्ट जागेवर बसायचा.

हेराल्डचे बॉनेट हा मोठा गमतीचा प्रकार आहे. मडगार्ड, दिवे, सगळे नाकाड एकदम पुढे उलटते आणि इंजिन पूर्ण मोकळे होते. पुढच्या चाकावर बसून काम करता येते. अब्बा चाकावर बसायचे आणि म्हणायचे, 'जिसने ये बनाया, वो कभी मिस्त्री रहा होगा.' मी त्यांना मिकेलोत्तीचे नाव सांगितले. ते म्हणाले, 'तो चित्र काढणारा. मी बनवणाऱ्याचं विचारतोय.' तेव्हापासून हा फरक माझ्या डोक्यात बसला.

गंज सगळ्यात जास्त कुठे धरतो हे अब्बांनी मॅन्युअल न उघडता सांगितले होते. चासीच्या मधल्या कण्यापासून बाजूला जे हात निघतात आणि ज्यांवर वरचे अंग टेकते, ते हात आतून पोकळ असतात. वरून रंग ठीक दिसतो आणि आत पाणी साचून पत्रा जाळीदार झालेला असतो. अब्बा हातोडीच्या दांड्याने टकटक करून आवाज ऐकायचे. घट्ट आवाज आला की पुढे जायचे. 'बद' असा बसका आवाज आला की खडूने फुली. नंतर उघडल्यावर एकही फुली खोटी निघाली नाही. मालेगावहून आलेल्या डेंटरने ते हात नव्या पत्र्याचे केले, आणि जुने मोजमाप राहावे म्हणून एका वेळी एकच हात कापला. सगळे एकदम कापले असते तर चासी वाकली असती आणि दारे पुन्हा कधीच नीट लागली नसती. लांबी भरून झाकण्याचे काम अब्बांनी करू दिले नाही. लांबी ही पेंटरची अब्रू झाकते, पत्र्याची नाही, असे ते म्हणत.

इंजिन ९४८ सीसीचे, चार सिलिंडरचे. या जातीच्या इंजिनात एक छुपा रोग असतो. क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या दोन अर्धचंद्र चकत्या मागच्या बेअरिंगपाशी बसवलेल्या असतात. क्लच दाबला की सगळा जोर त्यांच्यावर येतो. त्या झिजल्या की एक दिवस निसटून खाली तेलात पडतात, आणि मग क्रँक ब्लॉकलाच खात सुटतो. मॅन्युअलमध्ये चार ते आठ थाऊची ढील चालते असे लिहिले आहे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मोजायला डायलचे यंत्र लागते. आमच्याकडे ते नव्हते. अब्बांनी पोराला क्लच दाबायला लावले आणि पुढच्या पुलीवर अंगठा ठेवला. 'दाब. सोड. दाब.' मग म्हणाले, 'जास्त आहे. पंधराच्या आसपास.' पुढे इंजिन लेथवाल्याकडे नेले तेव्हा त्याने यंत्राने मोजले. चौदा निघाले. लेथवाला हसला आणि अब्बांच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मी बी. एड.ला मूल्यमापनावर एक अख्खा पेपर लिहिला आहे. त्या अंगठ्यात जे ज्ञान होते त्याला गुण देण्याची सोय आमच्या कोणत्याच पद्धतीत नाही.

मग आली पुढच्या चाकांची गोष्ट. हेराल्डच्या आणि स्पिटफायरच्या पुढच्या चाकाला वळवणारा एक उभा दांडा असतो. त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते टोक पितळी गुटक्यात फिरते. गुटक्याला तेल देण्याची जागा ग्रीसच्या निपलसारखीच दिसते. म्हणून जो कोणी सर्व्हिस करतो तो ग्रीसगन लावून मोकळा होतो. इथेच घात होतो. आट्यांच्या बारीक खोबणीत ग्रीस पोहोचत नाही. बाहेर दिसते, आत कोरडे राहते. पाणी शिरते, आटे खातात, जाम होतात, आणि एक दिवस वळणावर दांडा मोडून चाक गाडीखाली दुमडते. तिथे ग्रीस नाही, गिअरचे नव्वद नंबर ऑईल द्यायचे. दर सहा हजार मैलांनी, गुटक्यातून बाहेर ओघळेपर्यंत.

मी मॅन्युअलमधले ते वाक्य वाचून दाखवले तेव्हा अब्बांनी मान हलवली. उस्तादांनी त्यांना हेच सांगितले होते, चाळीस वर्षांपूर्वी, इंग्रजीचे एक अक्षर न वाचता. 'ग्रीस बैठ जाता है बेटा, तेल चलता है.' उस्तादांना ते कोणी सांगितले असेल? मद्रासच्या कारखान्यातून आलेल्या एखाद्या माणसाने, किंवा वळणावर मोडलेल्या एखाद्या दांड्यानेच. छापील ज्ञानाला तारीख असते, आवृत्ती असते. तोंडी ज्ञानाला फक्त माणूस असतो, आणि तो गेला की पावतीही उरत नाही.

आमच्या गाडीचे गुटके गेलेलेच होते. ते इंग्लंडहून मागवले. तिकडे स्पिटफायर जपणारे इतके आहेत की हे सुटे भाग आजही नवे तयार होतात, आणि ते हेराल्डला चालतात. बाकीचा शोध आपल्याच देशात. काही मुंबईच्या ऑपेरा हाऊसच्या दुकानांत, काही कुर्ल्याच्या भंगारात, आणि बराचसा चेन्नईच्या पुदुपेट्टईत. जिथे गाडी जन्मली तिथेच तिचे अवयव राहणार. या बाजारांत हिंडताना एक गोष्ट दिसत राहिली. गल्ल्यावर, लेथवर, वेल्डिंगच्या ठिणगीमागे आपलीच माणसे मोठ्या संख्येने. मुस्लिम समाजाचा मोठा भाग नोकरीत नाही, स्वतःच्या हाताच्या धंद्यात आहे, हे सच्चर समितीने २००६ मध्ये आकड्यांनिशी मांडले. तो अहवाल आपण मागासलेपणाचा पुरावा म्हणून वाचला, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच आकड्यांच्या आत किती विद्या साठलेली आहे, याची मोजदाद कोणी केली नाही. आपणही केली नाही. आपण मुलांना सांगत आलो, शिक, नाहीतर गॅरेजात जाशील. मलाही अब्बांनी हेच सांगितले होते.

२०१३ च्या हिवाळ्यात गाडी चालू झाली. रंग मूळचा, फिकट निळा. माझा धाकटा भाऊ म्हणाला, छप्पर बोल्टवरच आहे तर काढून टाकू, स्पोर्ट्स कार होईल, लोक बघत राहतील. अब्बा म्हणाले, 'ज्याचं त्याला शोभतं. बहिणीला भाऊ कशाला बनवतोस?' छप्पर राहिले.

चाचणीसाठी अब्बांनी चांदसैलीचा घाट निवडला. तळोद्याहून धडगावकडे जाणारा. जाताना काहीच झाले नाही. परतताना उतारावर त्यांनी गाडी थांबवली आणि पोराला गादीवर बसवून एक गोष्ट शिकवली. हेराल्डची मागची दोन्ही चाके स्वतंत्रपणे झुलतात आणि दोघांना मिळून एकच आडवा पाटा असतो. वेगात वळण घेताना घाबरून अॅक्सिलरेटर एकदम सोडला की गाडीचा मागचा भाग उचलतो, बाहेरचे चाक आत दुमडते आणि गाडी फिरते. म्हणून वेग वळणाच्या आधीच कमी करायचा आणि वळणात पाय हलका पण ठाम ठेवायचा. पुढे मद्रासच्या कंपनीने सत्तरच्या दशकात गॅझेल काढली तेव्हा मागचा अॅक्सलच सरळ अखंड करून टाकला. अब्बा हे सांगताना घाटाच्या कठड्याकडे बोट दाखवत होते. पोरगा हसत नव्हता. त्याने तीन वळणे नीट घेतली आणि मग अब्बांनी डोळे मिटून मान मागे टेकवली.

गाडी दुरुस्त झाली म्हणून काम संपत नाही, हे मला त्यानंतर कळले. शिसे घातलेले पेट्रोल देशात २००० साली बंद झाले. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकांना त्या शिशाचाच आधार होता. म्हणून आम्ही हेड उतरवले तेव्हाच कडक धातूच्या बैठका बसवल्या होत्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले आहे. ते जुन्या रबराला फुगवते, पंपाचा पडदा खराब करते. नळ्या बदलाव्या लागल्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी लागते, कारण इथेनॉल पाणी ओढते. जुनी गाडी सांभाळणे म्हणजे तिला जुन्या काळात ठेवणे नव्हे. जग दरवर्षी बदलते आणि तिला दरवर्षी थोडे थोडे त्या जगाशी जुळवून द्यावे लागते. तरीही ती तीच राहिली पाहिजे. कोणता भाग बदलायचा आणि कोणता नाही, हे ठरवण्यातच खरी मिस्त्रीगिरी आहे.

एकदा मी अब्बांना एका मोठ्या शहरात जुन्या मोटारींची रॅली बघायला नेले. आपल्याकडे अशा रॅलींची परंपरा जुनी आहे. दिल्लीची स्टेट्समन वृत्तपत्राची रॅली तर १९६४ पासूनची. चकाकणाऱ्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. प्रत्येकीपुढे पाटी. गाडीचे नाव, साल, देश, मालकाचे नाव. अब्बा प्रत्येक पाटी मला वाचायला लावत होते. दहा-बारा झाल्यावर त्यांनी विचारले, 'बनवली कोणी, ते लिहिलंय का?' नव्हते. मग ते पाट्या सोडून गाड्यांच्या मागे गेले. तिथे सावलीत, डबे आणि फडकी घेऊन त्या गाड्यांचे मिस्त्री बसले होते. अब्बा तासभर त्यांच्यात बसले. परतताना रेल्वेत त्यांनी मला कोणती गाडी कोणी केली ते सगळे सांगितले. एका गाडीचे क्रोम कोणाच्या हातचे, दुसरीची वायरिंग कोणाची. पाटीवर नसलेली सगळी नावे त्यांना पाठ झाली होती.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज मोटारींसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राहिलेली गाडी असेल तर तिची वेगळी नोंदणी होते, पाटीवर 'व्हीए' अशी अक्षरे येतात. नव्या नोंदणीला २० हजार रुपये फी, मुदत दहा वर्षे. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. नियम आला आणि जुन्या गाड्यांना भाव आला. २०२२ मध्ये एक गृहस्थ मोठ्या शहरातून आमच्याकडे आले. सभ्य माणूस. गाडीभोवती दोनदा फिरले, बॉनेट उलटून पाहिले आणि जो आकडा सांगितला तो आमच्या घराच्या दोन वर्षांच्या मिळकतीहून मोठा होता. त्याच वर्षी माझ्या पुतण्याचा इंजिनिअरिंगला प्रवेश होता. भाऊ माझ्याकडे बघत होता. मी अब्बांकडे.

अब्बांनी चहा मागवला. मग विचारले, 'आपके यहाँ सर्व्हिस कौन करेगा?' गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे उत्तम वर्कशॉप आहे, विलायती गाड्यांचेच काम करतात. अब्बांनी पुन्हा विचारले, 'अगले गुटके में क्या डालते हैं?' गृहस्थांनी तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. पलीकडच्याने आत्मविश्वासाने सांगितले, ग्रीस, दर सर्व्हिसला. अब्बा काही बोलले नाहीत. चहा संपला. त्यांनी एक तोडगा सुचवला. गाडी न्या, पण वर्षातून चार वेळा आमचा हा पोरगा येईल, त्याचे भाडे आणि मजुरी द्या, आणि तो करेल तेच काम होईल. गृहस्थ हसून म्हणाले, 'चाचा, गाडी विकत घेतोय, मिस्त्री नाही.' ते चुकीचे बोलले नाहीत. बाजारात असेच असते. पण सौदा झाला नाही.

पुतण्याची फी कर्ज काढून भरली. ते कर्ज अजून फिटते आहे. भाऊ अब्बांशी दोन महिने नीट बोलला नाही, आणि त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. गाडीच्या हट्टापायी घरातले एक पोर कर्जात गेले, हेही खरे आहे. मी दोन्ही बाजूंनी खूप विचार केला. अब्बांनी गाडी राखली असे लोक म्हणतात. मला वाटते त्यांनी किंमत राखली. गाडीची नव्हे, ते काम येणाऱ्या हाताची.

आता अब्बा ऐंशीच्या घरात आहेत. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, हात थरथरतो. गॅरेज तोच पावरा पोरगा चालवतो. पोरगा म्हणायची सवय, नाही तर त्याला आता स्वतःचे दोन मुलगे आहेत. तो अब्बांना उस्ताद म्हणतो आणि त्याच्या हाताखाली जी मुले आहेत ती त्याला उस्ताद म्हणतात. आमच्या घरातून हा हुनर गेला. माझा पुतण्या पुण्यात संगणकावर मोटारींची डिझाइन काढतो, चांगले काढतो, पण चार सूतचा पाना त्याला ओळखता येत नाही. हुनर घराण्यातून गेला, पण गावातून गेला नाही. सातपुड्याच्या कुशीतल्या एका पाड्यावरच्या माणसाच्या अंगठ्यात तो सुरतेहून येऊन बसला आहे. वारसा रक्तानेच जातो असे कोणी सांगितले?

गेली तीन वर्षे मी एक वही लिहितो आहे. मराठीत, साध्या भाषेत. हेराल्डचा कोणता बोल्ट किती सूतचा, कोणत्या आवाजाचा अर्थ काय, गुटक्यात तेल कसे भरायचे, क्लच दाबून अंगठा कुठे ठेवायचा. अब्बा सांगतात, मी लिहितो, तो पावरा मिस्त्री तपासतो. मॅन्युअलमध्ये आहे ते थोडक्यात, नाही ते सविस्तर. पहिल्या पानावर ज्यांचे हे ज्ञान त्यांची नावे असावीत असे मी ठरवले आणि अब्बांचे नाव लिहू लागलो. त्यांनी हात धरला. 'पहले उस्ताद का.' मी विचारले, त्यांचे नाव काय? अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. सहा वर्षे ज्यांच्या घरी जेवले, ज्यांनी डोळे मिटून नट ओळखायला शिकवले, त्यांना सगळा मोहल्ला उस्ताद म्हणायचा. अब्बाही उस्तादच म्हणायचे. पूर्ण नाव विचारण्याची प्राज्ञा कधी झाली नाही, आणि नंतर विचारायला कोणी उरले नाही.

पाट्यांवर नाव नाही म्हणून आपण बाहेरच्यांवर रागावतो. पण आपल्याच माणसांची नावे आपण तरी कुठे लिहून ठेवली? पहिल्या ओळीत शेवटी मी लिहिले, 'सुरतवाले उस्ताद'. त्याखाली अब्बांचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट आणि गावासकट. तिसरी ओळ मी मोकळी सोडली होती. मागच्या महिन्यात वही गॅरेजातून परत आली तेव्हा ती भरलेली होती. पेन्सिलने, शाळेत शिकवलेल्या वळणाच्या अक्षरात, त्याने स्वतःचे नाव, पाड्याचे नाव आणि तारीख लिहिली होती. आणि शेवटच्या पानावर, नव्या पेट्रोलने पंपाचा पडदा किती दिवसांत खराब होतो याची त्याने स्वतः केलेली नोंद होती. ती मॅन्युअलमध्ये नाही आणि अब्बांनाही माहीत नव्हती. अब्बांना मी ती वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितले.